ए-दोन

अंबडला माझं दुकान. मोबाइलच्या काचा बदलतो,
चार्जिंगची तोंडं टाचणीनं साफ करतो.
हे काम जरा वेगळं होतं.
हारणामावशींच्या रेशमाच्या शेडमध्ये
पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक खिळ्याला टांगला
आणि शेजारी एक निळं बोर्ड.

"दोन कशाला रे?"
म्हणालो, मावशी, याला हो आणि नाही एवढंच कळतं.
अधलंमधलं ऐकतं ते निळं.
थोडं गरम, जरा ओलं, किंचित अंधारं,
सगळ्याचा आकडा करतं, शून्य ते एक हजार तेवीस,
आणि वायरीतून एकामागं एक पाठवतं,
मधे स्वल्पविराम, शेवटी नवी ओळ.

"म्हंजे सून सांगती अन् सासरा ल्हितो."

पहिल्या रात्री सासऱ्याला काही कळेना.
पडद्यावर नुसते चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं.
एक भरभर बोलत होतं, दुसरं सावकाश ऐकत होतं.
दोघांना नऊ हजार सहाशेवर आणलं
तेव्हा कुठे ओळ उमटली:
५१२, ६८८, ७४०.
ए-शून्य ऊब, ए-एक ओल, ए-दोन उजेड.

ए-तीनला काहीच जोडलेलं नव्हतं.
तरी ते बोलत होतं. ३०१, ४४७, २९०.
हात जवळ नेला की चढायचं.
"हे कोण बोलायलंय?" गंगाराममामांनी विचारलं.
कुणी नाही, म्हणालो. रिकामी पिन आहे.
"असतोय असा एक. ग्रामसभेला येतोय."

चौथी कात टाकून अळ्या उठल्या.
शेडभर पाला खाल्ल्याचा आवाज,
त्याला मात्र मी काही जोडलं नव्हतं.
मग त्यांनी खाणं सोडलं, अंगं पिवळट काचेसारखी झाली,
मावशींनी चंद्रिका पसरल्या
आणि मी अंबडला परत आलो.

फोन आला तो रात्री साडेदहाला.
"बाबू, तुझा उजेड कमी व्हायलाय."

बल्ब तोच. वीज नीट. ऊब आणि ओल जागच्या जागी.
फक्त ए-दोन उतरत होतं,
७३१, ७१५, ६९८,
गडबड न करता.
मी रेझिस्टर बदलला. पिन आवळली. बंद करून चालू केलं.
दुसऱ्या रात्री ३८८.
सेन्सर गेला, म्हणालो, चाळीस रुपयांचा होता.
काढायला म्हणून टॉर्च मारला.

चंद्रिकेच्या कडेला, वायरीच्या टोकाला
एका अळीला तो कोपरा वाटला होता.
आत तिचं डोकं फिरत होतं, मराठी चार काढल्यासारखं,
परत परत तोच चार,
आणि पातळ पांढऱ्या भिंतीमागं
सेन्सरवरची नागमोडी रेघ अजून दिसत होती.

"काढ की," मावशी म्हणाल्या, "तुझंच हाय ते."
मला काढवलं नाही.
फाइल उघडून बसलो.
दर मिनिटाला एक ओळ: भिंत किती जाड झाली.
हे विचारायला मी काही लावलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ६१.
मग ६१. मग ६१.

कोष उतरले, पोत्यांत भरून जालन्याच्या बाजाराला गेले.
एकच वायरीला राहिला.
भाव बरा मिळाला, मामा एवढंच बोलले,
आणि रिकाम्या शेडमध्ये बल्ब चालू ठेवला. बिलाचं काही बोलले नाहीत.

बाराव्या दिवशी पहाटे चार सतराला,
मी झोपेत, मावशी झोपेत,
६१, ६१, ६४, ५९, ७२,
२०८.
बाकी सकाळी चंद्रिकेवर बसलेलं पाहिलं,
मळकट पांढरं, पंख थरथरत, उडता न येणारं.

कोषाचं टरफल काढलं. ते मावशींनी देव्हाऱ्यात नाही,
फडताळात ठेवलं, सुईदोऱ्याच्या डब्यात.
सेन्सरच्या काचेवर एक तपकिरी डाग राहिला, निघाला नाही.
तोच बल्ब आता ७०० दाखवतो.

नवा बसवता आला असता.
मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली,
उजेड अधिक चाळीस,
आणि पुढं का ते लिहिलं नाही.